वाचणारीचा पाट

रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरात माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायची असली की मी एका पाटावर चढते. पाट शिसवी आहे. चार कोपऱ्यांना चार पितळी फुलं होती, त्यातली तीन उरली आहेत. चौथं कधी निखळलं आणि कुठल्या केरात गेलं ते मला आठवत नाही. घरातली कुठली वाटी कुणाच्या बारशात हरवली हे मला बारशाच्या जेवणासकट सांगता येतं, पण हे आठवत नाही. आमचे हे म्हणतात, "तुझ्या माहेराहून जे जे आलं त्यात न कुरकुरता तुझा भार सोसणारा हा एकटाच." मी हसते. हसते आणि खाली उतरते.

खरं तर तो पाट माझ्या माहेरचा नाही. पेणच्या महिला मंडळाचा आहे. आणि तो चढण्यासाठी नव्हता.

होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. मी अशीच पाटावर उभी, एक हात माळ्यावर, दुसऱ्या हातात फोन. पेणहून मंडळाच्या कार्यवाह बोलत होत्या. आवाज तरुण, गोड आणि घाईचा. मंडळाची जागा सोडायची ठरली आहे म्हणाल्या, त्याआधी एक छोटी पुस्तिका काढायची आहे. "काकू, तुम्ही लग्नाआधी मंडळाचा इतिहास लिहिला होतात ना? जुन्या बायका अजून सांगतात, काय सुंदर वाचला होता म्हणून. तोच पाठवलात तरी चालेल."

"बघते," मी म्हणाले.

बरणी न घेताच उतरले. पाट उलटा करून पुसला. इतक्या वर्षांच्या मेणचट धुळीखाली, मंडळ काढणाऱ्या अक्कांच्या हातची तेलरंगातली अक्षरं तशीच होती. 'वाचणारीसाठी'.

पेणच्या मंडळाच्या त्या खोलीची मला आधी आठवण येते ती वासाची, भिंती नंतर उभ्या राहतात. ओल्या उडदाच्या पिठाचा जड वास, त्यात हिंग, त्यात नुकती भरडलेली मिरी. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून येणारा भिजल्या मातीचा गार वास. आणि दुपारी वारा फिरला की खाडीकडून येणारा खारा, चिखलाचा, जरासा कुजका वास, जो आला की बाहेरगावच्या पाहुण्या नाकाला पदर लावत आणि आम्ही 'हवा आली' म्हणत असू. अजून कुठे पापडाचं पीठ मळलेलं असलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. अक्का जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा धाक हिंगाच्या वासात राहिला आहे.

अक्का म्हणजे शाळेतल्या बाई. उंच, काटक, कपाळावर काही नाही, मनगटावर घड्याळ. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा त्यांनी ही खोली मिळवली आणि बाहेर फळा लावला: 'प्रौढ स्त्रियांसाठी अक्षरवर्ग'. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई आली, ती गिरणी कुठे आहे ते विचारायला. महिनाभर अक्का एकट्या सतरंजीवर बसून राहिल्या. मग एक दिवस त्यांनी फळा पुसला आणि त्यावर लिहिलं, 'पापड लाटण्यास या'. आता फळा वाचता येत नाही अशा बायकांना तो कुणी वाचून दाखवला हे अक्कांनी कधी सांगितलं नाही. पण खोली भरली. ह्या गोष्टी माझ्या आईकडून ऐकलेल्या. मी काही तेव्हा नव्हते, पण घरात मी त्या इतक्यांदा सांगितल्या आहेत की माझ्या भाच्यांना वाटतं, तो फळा मीच पुसला.

खोली भरल्यावर अक्कांनी पाट आणला आणि नियम सांगितला. एकीने पाटावर बसून वाचायचं, बाकीच्यांनी लाटायचं. वाचणारीच्या वाटणीचे पापड बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, म्हणजे वाचण्यापायी कुणाचं काम बुडायला नको. पिठाचा कुटलेला गोळा दोऱ्याने कापून लाट्या केल्या की वाचन सुरू, शेवटची लाटी लाटून झाली की वाचन बंद. मध्ये कुणी बोलायचं नाही, फक्त 'हूं' करायचं. आणि वाचणारीला मध्ये थांबवायचं नाही, मग काय वाट्टेल ते होवो. ह्याला 'बारी' म्हणत. ज्या बाईला दोन अक्षरं येऊ लागली, तिचं नाव भिंतीवर खडूने लिहिलं जाई, आणि गुरुवारी तिची बारी येई.

मंडळाने पुढे पुष्कळ केलं. बालवाडी काढली, शिवणयंत्रं आणली, देवीची लस टोचायला गावोगाव बायका नेल्या, पूर आला तेव्हा भाकऱ्या पोचवल्या. ते सगळं पुस्तिकेत येईल आणि यावंच. पण माझ्या कानात राहिलीय ती बारी. दहा-बारा लाटणी एका लयीत, मध्ये बांगड्या, आणि त्यावरून चालणारा एक चाचपडणारा आवाज. पाण्याच्या काठाने कुणी नवखं चालावं तसा. गोष्ट दुःखाची असली की लाटणी मंदावत. अक्का बाहेरून आल्या की वाळत घातलेला एक पापड बोटांत धरून म्हणत, "आज काहीतरी रडकं वाचलंत. जाड आलेत."

माझी आई हात बसलेली लाटणारी. मी मात्र लाटायला बसले की माझा पापड एका बाजूला पळायचा. गोल करायला जावं तर टोक यायचं, टोक सावरावं तर भोक पडायचं. बी.ए. झाले होते, घरात स्थळं बघणं चालू होतं, आणि लाटण्यातला माझा हात कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. अक्कांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू शिकवायलाच बस. पिठाची नासाडी होते." समाजकार्यात माझा प्रवेश झाला तो असा.

माझी पहिली विद्यार्थिनी हिराबाय.

हिराबाय खाडीकाठच्या गावातली. नवरा मिठागरावर. ती सकाळच्या गाडीने सुकटीची पाटी घेऊन पेणच्या बाजारात यायची, दुपारपर्यंत पाटी रिकामी करायची आणि मग मंडळात. तेव्हा तिशी ओलांडलेली असेल. काळीसावळी, रुंद हाडाची, आणि जीभ अशी की बाजारात तिच्याशी घासाघीस करायला गेलेली माणसं सुकट घेऊन, वर माफी मागून येत. ती आली तेव्हा खोलीत थोडी चुळबुळ झाली. सुकटीचा वास पापडांना लागेल, असं एकीदोघी पदराआडून म्हणाल्या. अक्कांनी मोरीवर साबणाची नवी वडी ठेवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "सगळ्यांनी धुवायचे हात. कोपरापर्यंत." सगळ्यांनी धुतले. हिराबाय तीनदा धुवायची. मग हात नाकाशी धरून माझ्याकडे यायची. "बघ गो, येतंय काय वास?"

"नाही येत."

"खोटं बोलतेस. मनाच येतंय."

पापड ती असे लाटायची की खालच्या पोळपाटाची नक्षी दिसावी. आणि माझा चुकून लाटलेला एखादा पापड दिसला की दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवायची. "ह्यो बघा, मास्तरीनबायनं आमची खाडी लाटली. ह्या कोपऱ्याला आमचं गाव. नवऱ्याला जेवाय घालशील का भूगोल शिकवशील गो?" सगळी खोली हसायची, मी पण. तिनं नाव ठेवलं नाही तो दिवस मला सुना वाटायचा.

अक्षरं मात्र तिला सहज वळली नाहीत. 'ह' लिहिताना ती जीभ दातांत धरायची आणि खडू मोडायची. पाटीवर जमेना म्हणून मी तिला परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने लिहायला लावलं. तिथे जमलं. मग तिला नादच लागला. बाजारातून मंडळात येताना ती दुकानांच्या पाट्या वाचत यायची आणि आल्याआल्या सांगायची, जसं कुणी आज अमुक माणूस भेटला म्हणून सांगावं. "आज 'चप्पल' वाचली." "आज 'शिवून मिळेल' वाचलं, अख्खं." एकदा आली ती दारातूनच ओरडत. "गो, एस्टीची पाटी वाचली नि मंग गाडीत बसली! आधी बसून इचारायची मी, कंडक्टर खेकसायचा. आज त्यालाच बोलली, मना नको सांगूस, मना दिसतंय."

भिंतीवर तिचं नाव चढलं तो दिवस मला आठवतो. तिने स्वतः चढवलं, टाचा उंचावून. 'हिराबाय' मधला 'य' जरा खाली घसरला. ती लांब जाऊन बघायची, जवळ येऊन बघायची. मग कुणाला ऐकू जाणार नाही असं मला म्हणाली, "पाटावर बसाय देतील ना गो मना?"

"का नाही देणार?"

"तसं न्हवं. इचारलं."

तिच्या बारीसाठी मी मंडळाच्या कपाटातून एक पुस्तिका काढली. नव्याने वाचायला शिकणाऱ्यांसाठी असतात तशी, पातळ, पिवळट, कुणी लिहिली तेही नसलेली. सखू नावाची एक बाई घर सोडून होडीने खाडीपलीकडे निघते, अशी गोष्ट. होडी आणि खाडी आहे म्हटल्यावर हिराबायला जवळची वाटेल, एवढाच माझा विचार. अक्षर बारीक होतं म्हणून मी पहिलं पान जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठसठशीत उतरवून दिलं. आणि उतरवलं ते किती इमानाने! पान जिथे संपलं तिथे मी पण थांबले, अर्ध्या वाक्यात. 'होडी सुटायच्या बेतात होती. सखूने मागे वळून पाहिले, तर'. बी.ए. झालेल्या मुलीला पुढचे दोन शब्द उलटून बघावेसे वाटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हिराबायने मला धरलं. "तर काय?"

मी चूक कबूल करीन तर मास्तरीण कसली. म्हटलं, "मुद्दामच सोडलंय. हे पान घरी घोटून ये. पुढचं पान बारीच्या दिवशी, पाटावर बसून, पुस्तकातून वाचायचं. न घोटलेलं. ते खरं वाचणं."

"तू वाचलंयस?"

"नाही. मीही नाही वाचणार. तू वाचशील तेव्हाच मला कळेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही मोठंच दान दिलं आहे. पुस्तिका कपाटात गेली आणि तिच्यावर तिने आपली सुकटीच्या पाटीवर झाकायची स्वच्छ धुतलेली फडकी ठेवली, खूण म्हणून.

मधल्या दिवसांत माझं लग्न ठरलं. रोह्याचं स्थळ, नवरा कंपनीत. आणि मला लेखणीचा ताप चढला. मी मंडळाचा इतिहास लिहायला घेतला. 'आपले मंडळ: एक वटवृक्ष'. त्यात ज्ञानगंगा सहा वेळा वाहत होती आणि दीप किती ठिकाणी उजळले होते ते सांगत नाही, आज ते वाचून माझेच डोळे दिपतात.

हिराबायच्या बारीचा तो गुरुवार चैत्रातला. सकाळपासून ऊन कडक, म्हणजे पापडांना चांगलं. माझ्या लग्नाला आठ दिवस उरले होते. अक्का कुठल्याशा कचेरीत गेल्या होत्या. मी खोलीत शिरले तर हिराबाय आधीच बसलेली. हिरवं नऊवारी लुगडं, धुऊन कडक केलेलं, डोक्याला अबोलीचा गजरा. हात मांडीवर, त्यांना साबणाचा वास. त्या दिवशी तिने पाटीच आणली नव्हती. सुकटीशिवाय ती पेणला पहिल्यांदाच आली असेल.

कुणीतरी म्हणालं, "अगो, ही तर चालली. आजची बारी हिलाच देऊ या." दुसरी म्हणाली, "इतिहास लिहिलायस ना? तो वाच. परत कधी ऐकणार आम्ही?" तिसरीने माझा हात धरून मला पाटाकडे नेलं. सगळ्या हसत होत्या, माझ्या हनुवटीला हात लावत होत्या. त्या दिवशीची त्यांची माया खोटी नव्हती. पण पुढे कधीकधी भांडी घासताना माझ्या मनात आलं आहे, की ती सगळीच्या सगळी माझ्यासाठी होती, का थोडी तिथे दुसरं कुणी बसू नये म्हणूनही होती. भांडी घासताना असले विचार येतात. मी नळ मोठा करते.

मी हिराबायकडे पाहिलं. पाहिलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ती म्हणाली, "वाच गो तू. मी काय, पुढल्या गुरवारी." आणि तिने पोळपाट पुढे ओढला.

मी बसले. पाट गार होता. आणि मी वाचायला लागले.

माझा आवाज चांगला होता, हे मला माहीत होतं, तीच तर पंचाईत. खोलीत तो छान घुमत होता. लाटणी लयीत आली. 'हूं', 'हूं' येऊ लागलं. मला वाटलं होतं दोन पानं वाचून थांबावं आणि उरलेल्या लाट्यांचं वाचन हिराबायला द्यावं. खरंच वाटलं होतं. दोन पानं संपली तेव्हा मी लाट्यांकडे पाहिलं. अर्ध्या उरल्या होत्या. तिसरं पान उलटलं. त्यात बालवाडी होती, शिवणयंत्रं होती, देवीची लस होती, अक्कांचं अलौकिक कार्य होतं. समोर बसलेली बाई नव्हती. मध्येच अक्का आल्या, दारात थबकल्या. भिंतीवरचं नाव वाचलं, मला पाहिलं, पण वाचणारीला थांबवायचं नाही हा नियम त्यांचाच. थांबवू शकणारी त्या खोलीत मी एकटीच होते. आणि नियमाप्रमाणे माझ्या वाटणीचे पापड बाकीच्यांनी वाटून घेतले होते. त्यातले सगळ्यांत जास्त हिराबायच्या पोळपाटावर होते. हिरव्या लुगड्यावर पिठाची बोटं उमटली होती.

शेवटची लाटी संपली. टाळ्या झाल्या.

पाट मला द्यायचा हे आधीच ठरलेलं होतं. नव्या कापडात बांधून अक्कांनी तो माझ्या हातात दिला. भाषणाची तयारी करून आलेल्या अक्का एवढंच बोलल्या, "रोह्याला मंडळ काढ. आणि पहिल्या दिवशी ह्यावर तू बसू नकोस." सगळ्या हसल्या, मीही. आम्ही इथे दुसरा करून घेऊ, कुणीतरी म्हणालं.

सासरी गेल्यावर चार-सहा महिन्यांनी अक्कांचं कार्ड आलं. तीन ओळी. पाऊस फार झाला. खाडीकडचे बांध फुटून खारं पाणी गावांत शिरलं. हिराबाय त्या गुरुवारनंतर दिसली नाही.

रोह्याला मी मंडळ काढलं नाही असं नाही. एक दिवस काढलं. आमच्या अष्टमीच्या घरात पाच बायका जमल्या, कांदाभजी केली, पाट मध्ये मांडला. कुंडलिकेवरून वारा येत होता, त्याला कंपन्यांचा तो काड्यापेटीसारखा वास. मी बारीचा नियम सांगत होते, तेवढ्यात भोंगा झाला. "पहिली शिफ्ट सुटली," एक म्हणाली आणि पाचही जणी उठल्या. दुसरी जाता जाता म्हणाली, "वहिनी, भजी फक्कड हां. परत जमू या." परत जमलो नाही. मी बोलावलंच नाही. आधी धाकटा झाला, मग सासूबाई आजारी, मग काय नि काय. कारणांना तोटा नसतो. पाट आधी देवघराशी होता, मग तांदळाच्या डब्याखाली गेला, मग माळ्याखाली आला. घरात मी गोष्टी सांगणारी म्हणून प्रसिद्ध झाले. भाचे-पुतणे विचारत, पुढे काय झालं? मी ठोकून देई. मला पुढे काय झालं हे नेहमी सुचतं.

तर परवा मी पाट चादरीत बांधला आणि पेणची गाडी धरली. वडखळला गाड्यांची रांग लागलेली. पाट मांडीवर घेऊन मी घामाघूम. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पूजा कुठं?"

"पूजा नाही. एकीला बसायला नेतेय."

त्याने माझ्याकडे जरा सांभाळूनच पाहिलं आणि पुढे सरकला.

मंडळाची खोली रिकामी झाली होती. भिंतीला गुलाबी रंग, त्याखाली कुठेतरी तो घसरलेला 'य'. कपाट उघडं होतं. मी कार्यवाह बाईंना त्या पुस्तिकेबद्दल विचारलं. "जुनी पुस्तकं? काकू, वाळवीने सगळा भुगा झाला होता. गेल्याच वर्षी काढलं." मग पाट बघून त्या हरखल्या. "हाच तो? पुस्तिकेत फोटो टाकू या! आणि इतिहास आणलात?"

"आणते," मी म्हणाले. "हिराबाय कुठे असते माहीत आहे?"

माहीत होतं. इथेच पेणात रामवाडीला, मुलाकडे. सून घरी पापड लाटून देते, मंडळातल्याच एकीला.

दार उघडंच होतं. हिंगाचा वास बाहेरपर्यंत. माझी पाठ ताठ झाली. आत जमिनीवर पोळपाट, ओल्या फडक्याखाली लाट्या, सून पाणी भरायला खाली गेलेली. आणि खिडकीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत हिराबाय. हाडं तशीच रुंद, पण अंगावरचं मांस गेलेलं. डोळ्यांवर दुधाळ पडदा. मी 'हिराबाय' म्हणून हाक मारली आणि माझं नाव सांगणार होते.

"बोल अजून," ती म्हणाली. "आवाज वलखीचा हाय... मास्तरीनबाय? म्हातारी झालीस गो. पायांचा आवाज जड आला."

मी चादर सोडून पाट तिच्यापुढे ठेवला. तिने वाकून हाताने चाचपला. एक फूल, दुसरं, तिसरं. चौथ्या कोपऱ्यावर बोट थांबलं.

"ह्यो कशाला आनलास?"

"तुझी बारी राहिली होती."

ती हसली. खोकला येईस्तोवर हसली. "गुडघं बघ माजं. ह्याच्यावर बसली तं उठवाय चार मानसं लागतील. एवढी वर्सं काय केलंस ह्याचं?"

"उभी राहते त्यावर. माळ्यावरचं लोणचं काढायला."

"मंग मजबूत हाय."

मी जमिनीवर बसले. पाट आमच्या दोघींच्या मध्ये. विचारायचं नव्हतं ते विचारलं. "तू परत आली का नाहीस ग? पुढच्या गुरुवारी?"

"कोन बोललं, नाय आली? आली व्हती. दारातून आत बघितलं. पाट नव्हता." तिने लुगड्याचा काठ बोटांत धरला, सोडला. "जमिनीवर बसून तं मी रोजच लाटत व्हती गो. तेवढ्यासाठी काय हिरवं लुगडं नेसाचं."

खाली नळावर कुणी कुणाशी भांडत होतं. बादली भरल्याचा आवाज आला, दुसरी लावल्याचा आला.

"कागद पान्यात गेला," ती म्हणाली. "कालंदराचा. पन हाय." तिने छातीकडे बोट नेलं, घसा साफ केला, आणि पाठ सरळ करून, हात पुस्तक धरल्यासारखे पुढे घेऊन, एकेका शब्दावर बोट ठेवावं तशी म्हणू लागली. तिची बोली त्यात नव्हती. माझं ते छापील मराठी, एकही अक्षर न सांडता. सखू पहाटे उठली. तिने चूल सारवली. तिने दाराला कडी घातली. "...होडी सुटायच्या बेतात होती. सखूने मागे वळून पाहिले, तर."

थांबली. तोंड माझ्या दिशेला वळवलं.

"पुढं काय गो?"

मला पुढे काय झालं हे नेहमी सुचतं. मी म्हणाले, "तर काठावर तिची मुलगी उभी होती. हातात भाकरीचं गाठोडं. ती धावत चिखलातून आली आणि म्हणाली, आये..." छान चाललं होतं. आवाज अजून बरा आहे माझा. वाक्य संपलं की मी थांबत होते, सवयीने, आणि खोलीत काहीच येत नव्हतं. तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं. ती 'हूं' म्हणत नव्हती.

"ह्ये पुस्तकात हाय?"

"...नाही."

"पुस्तकात काय हाय?"

"माहीत नाही, हिराबाय. मी वाचलंच नाही कधी. आता पुस्तकही नाही."

"हूं," ती म्हणाली.

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "पीठ सुकतंय. सून अजून दोन बादल्या तं भरल. लाट तू."

मी हात धुतले. कोपरापर्यंत. लाटणं घेतलं. पहिला पापड डावीकडे पळाला, सावरायला गेले तर त्याला टोक आलं, मग भोक. मी तो उचलून तिच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, आता म्हणेल, खाडी लाटलीस. तिने बोट फिरवलं, सगळ्या कडेने, टोकापाशी, भोकापाशी. आणि सुपात वाळत घातला.

दुसरा तसाच. तिसरा त्याहून वाईट. मी एकेक तिच्या हातात देत गेले, लाट्या संपेपर्यंत. एकाही पापडाला तिने नाव ठेवलं नाही.